अपडेट झालेल्या राउटरमध्ये कोण बसलं होतं?

एका कारखान्याचा राउटर, मायक्रोटिक कंपनीचा. त्याच्या फायरवॉलच्या यादीत चाळीसेक नियम होते. फेसबुक बंद, यूट्यूब फक्त जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरच्या पीसीला मेलशिवाय काही नाही, डिझाइनच्या मशीनना जास्त स्पीड. कुणीतरी मन लावून, ओळीओळीला कॉमेंट टाकून केलेलं काम होतं. पण सगळे नियम फॉरवर्ड चेनमधले. इनपुट चेन उघडून पाहिली तर ती कोरी.

ज्यांचा मायक्रोटिकशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चेन म्हणजे नियमांची एक रांग. राउटर ओलांडून पलीकडे जाणारं ट्रॅफिक फॉरवर्ड चेनमधून जातं आणि खुद्द राउटरशी बोलायला आलेलं इनपुटमधून. पहिल्या चेनने आतले पीसी सांभाळायचे, दुसरीने राउटर. इनपुट कोरी म्हणजे गेटवरचा वॉचमन प्रत्येक ट्रकचा गेटपास तपासतोय, पण त्याच्याच केबिनचं मागचं दार सताड उघडं आणि सगळ्या किल्ल्या आत खुंटीला.

हे सप्टेंबर २०२१ मधलं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. इथे पहिल्यांदाच जात होतो. तक्रार साधी होती. गूगल उघडलं की ‘तुमच्या नेटवर्कवरून असाधारण ट्रॅफिक येत आहे’ अशी पाटी, आणि मग कुठल्या चौकोनात सिग्नल आहे, कुठल्यात झेब्रा क्रॉसिंग, ते निवडत बसायचं. अकाउंट्सच्या मॅडम वैतागल्या होत्या. “सर, दिवसातनं कितीदा बस आणि सायकली शोधायच्या?” मालकांचा उपाय तयार होता: “नेटच बदलून टाकूया की मग.”

नेट बदलून काही झालं नसतं, हे मला डबा बघितल्यावरच कळलं. मायक्रोटिकचं आरबी२०११ हे मॉडेल, अकाउंट्सच्या मागच्या छोट्या खोलीत, भिंतीवरच्या रॅकमध्ये. फाउंड्रीत वाळूची काळी धूळ कुठेही जाते, तशी ती रॅकमध्येही गेली होती. जाळीच्या फटी बुजलेल्या. या मॉडेलच्या काही प्रकारांना पुढून एक चिमुकला टचस्क्रीन असतो आणि त्यावर पोर्टनिहाय ट्रॅफिकचे आकडे आणि आलेख दिसतात. अंगठ्याने धूळ पुसली. जेवणाची सुट्टी चालू होती, आतले पोर्ट जवळपास सपाट. आणि पहिल्या पोर्टावर, जिथे बाहेरची लाइन लागते तिथे, येणारं आणि जाणारं दोन्ही ट्रॅफिक उंच, आणि एकमेकांइतकंच. आतलं कुणी काही मागत नाहीये, बाहेरून जेवढं येतंय तेवढंच बाहेर परत जातंय. असं चित्र दिसलं की समजायचं, या डब्याचा कुणीतरी मधला दलाल केलाय. प्रॉक्सी.

लॉगिन करून आधी आवृत्ती बघितली, तर राउटरओएस, म्हणजे या डब्यांची ऑपरेटिंग सिस्टिम, ६.४५ च्या मालिकेतलं. इथे जरा थांबलो. हा आकडा ६.४२.१ च्या खाली असता तर अर्ध्या मिनिटात निदान झालं असतं. पण हा राउटर अपडेट केलेला होता. २०१८ चं ते गाजलेलं सुरक्षेतलं भोक (हकिगत पुढे सांगतो) यात शिल्लकच नव्हतं.

मग आयपी मेनूतलं सॉक्स, म्हणजे राउटरला प्रॉक्सी करणारी सोय, उघडलं. चालू. पोर्ट ५६७८. हा आकडा निवडणाऱ्याच्या डोक्याला दाद द्यायला हवी: मायक्रोटिकचे डबे एकमेकांना शोधायला यूडीपीवर हाच ५६७८ वापरतात, त्यामुळे कुणा अ‍ॅडमिनला तो दिसला तरी ओळखीचा वाटतो आणि नजर पुढे सरकते. इथे मात्र तो टीसीपीवर होता. त्यानंतर शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी. त्यात यू-सिक्स अशा निरर्थक नावाची एक नोंद: दर थोड्या वेळाने अमुक वेब पत्त्यावरून एक फाइल आणायची, ती इम्पोर्ट करायची. म्हणजे बाहेरच्या माणसाला आत यायची गरजच नाही. राउटरच स्वतः बाहेर जाऊन विचारतोय, आज काय करू? इनपुटला आता कितीही नियम लावले तरी हे थांबणार नव्हतं, कारण बोलणं आतून सुरू होत होतं.

जुनी हकिगत इथे सांगायलाच हवी. एप्रिल २०१८ मध्ये विनबॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोटिक चालवायच्या प्रोग्रॅमच्या ८२९१ पोर्टावर, एक भोक सापडलं. लॉगिन न करता राउटरमधली फाइल वाचता येत होती. अर्थातच हल्लेखोरांनी वाचली ती युजर डेटाबेसची फाइल. त्यातले पासवर्ड नीट हॅश केलेले नव्हते, उलट फिरवून मूळ शब्द काढता येईल अशा रीतीने ठेवलेले होते. लॅटव्हियातल्या रिगाच्या या कंपनीने खबर लागल्याबरोबर २३ एप्रिलला ६.४२.१ काढून भोक बुजवलं. पुढे त्याला अशा भोकांच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०१८-१४८४७ हा नंबर मिळाला. म्हणजे औषध वेळेवर निघालं होतं. घेतलं किती जणांनी, हा प्रश्न. त्याच उन्हाळ्यानंतर ब्राझीलमधले राउटर हजारोंनी पकडले गेले आणि त्यांच्यामार्फत वेबपानांत कॉइनहाइव्हचा, पाहणाऱ्याच्या पीसीवर आभासी नाणी खोदणारा कोड घुसवला जाऊ लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये चीनच्या नेटलॅब या सुरक्षा-संशोधन गटाने मोजलं तेव्हाही सुमारे ३ लाख ७० हजार डबे उघडे होते. देशांच्या यादीत ब्राझील, रशिया आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारत. साडेसात हजारांवर राउटर आपल्यातून जाणाऱ्या मेल आणि एफटीपीच्या ट्रॅफिकची नक्कल गुपचूप परक्या पत्त्यावर पाठवत होते. याच अहवालातली एक गंमत मला फार आवडते. नाणी खोदणाऱ्यांच्या एका टोळीने प्रॉक्सीवर इतका कडक नियम लावला होता, की त्यांच्याच खोदकामाला लागणारी कॉइनहाइव्हची फाइलही त्यात अडत होती. एवढी मेहनत आणि कमाई शून्य.

मी शिरोलीत गेलो त्या महिन्यात हे सगळं पुन्हा वर आलं होतं. मेरिस नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या डब्यांच्या फौजेने, ५ सप्टेंबरला रशियाच्या यांडेक्स या सर्च कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा केला होता, आणि मारा करणारे डबे बहुतांशी मायक्रोटिकचे निघाले. मायक्रोटिकने त्यावर निवेदन काढलं. हे तेच २०१८ मध्ये फुटलेले राउटर आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्या वेळी ज्याचा पासवर्ड गेला त्याला नुसत्या अपग्रेडने फायदा नाही, पासवर्डही बदलायला हवा. शेड्युलर बघा, सॉक्स बंद करा, एलव्हीपीएन नावाचा एल२टीपी क्लायंट (बाहेरच्या सर्व्हरशी गुप्त बोगदा जोडणारी नोंद) दिसला तर उडवा, अशी सूचनाही होती. इथे तो क्लायंट नव्हता. बाकी सगळं होतं.

मालकांना हे सांगितलं तर त्यांनी बरोबर नस पकडली. “अपडेट झालंय म्हणताय, मग चोर आला कुठनं?”

“चोर अपडेटच्या आधीच येऊन गेलाय. पासवर्ड घेऊन. आता त्याला भोक लागत नाही, तो रीतसर लॉगिन करून येतोय.”

पासवर्ड होता कंपनीचं नाव, मग अ‍ॅट, मग स्थापनेचं साल. युजर अ‍ॅडमिन. डबा बसवल्यापासून तोच. मधे कुणा इंजिनिअरने येऊन अपडेटचं बटण दाबलं, राउटर रीस्टार्ट झाला, नेट चालू झालं, बिल निघालं. त्या बिलात पासवर्डची ओळ नव्हती. आणि मुळात इनपुट कोरी का, तर त्याचंही उत्तर आपल्याकडच्या पद्धतीत आहे. या छोट्या डब्यांत मायक्रोटिकने घालून दिलेल्या सेटिंगमध्ये बाहेरून राउटरवर येणारं अडवणारा नियम असतो. पण पहिल्यांदा लॉगिन केल्यावर ‘रिमूव्ह कॉन्फिगरेशन’ असं एक बटण समोर येतं, आणि बसवणारी बरीच मंडळी आधी तेच दाबतात. पाटी कोरी करून काम करायचं. काम होतं, पण जो नियम कुणी लिहायला सांगत नाही तो परत लिहिला जात नाही.

“महागडा फायरवॉल घेतला असता तर?” हा मालकांचा पुढचा प्रश्न. विचारायलाच हवा असा. पण त्याच सप्टेंबरात महागडे फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेटने जाहीर केलं होतं, की तिच्या सुमारे ८७ हजार फोर्टिगेट फायरवॉलचे व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून सुरक्षित बोगद्याने आत यायचे, युजर-पासवर्ड कुणीतरी बाहेर टाकलेत. मूळ भोक २०१८ च्याच नंबरचं, सीव्हीई-२०१८-१३३७९. लॉगिन न करता फाइल वाचता येणं हीच जात. दुरुस्ती मे २०१९ मध्ये आलेली. आणि कंपनीचा सल्लाही तोच: पॅच मारला असेल, पण पासवर्ड बदलले नसतील तर धोका कायम. मालकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे पैसे घालूनबी तेच.” अगदी तेच नाही, महागड्या डब्यात इतर बऱ्याच सोयी असतात, पण या एका बाबतीत तेच.

आता साफसफाई. शेड्युलरची नोंद उडवली, सॉक्स बंद केलं, पासवर्ड बदलला, चहा प्यायलो, निघालो, असं करता आलं असतं. बरेच जण तेवढंच करतात. मी करत नाही, आणि कारण असं: ऑक्टोबर २०१८ मध्ये टेनेबल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने दाखवून दिलं, की याच भोकातून पुढे जाऊन राउटरच्या आतल्या लिनक्सवर रूटचा, म्हणजे संपूर्ण, ताबा मिळवता येतो. राउटरओएसच्या मेनूत आपल्याला जे दिसतं ते वरचं. खाली कुणी काही ठेवलं असेल तर विनबॉक्स ते दाखवणार नाही. त्यामुळे एकच रस्ता, नेटइन्स्टॉल. डब्याची मेमरी पुसून राउटरओएस नव्याने घालायचं. लायसन्स जात नाही.

यासाठी नेट बंद ठेवावं लागणार आणि इथे खरी घासाघीस. फाउंड्रीत भट्टीला नेट लागत नाही. पण माल बाहेर पडायला ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जाणारा ५० हजारांच्या वरचा माल म्हटल्यावर सुटका नाही, आणि गाड्या संध्याकाळी भरतात. डिस्पॅचवाल्यांनी मला स्वच्छ सांगितलं, “तीनच्या आत काय ते करा, नाहीतर रात्री आठनंतर.” एकाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवायचं ठरलं आणि सकाळी लवकर सुरुवात केली.

नेटइन्स्टॉल कागदावर सोपं आहे. लॅपटॉपला हाताने आयपी द्यायचा, केबल राउटरच्या पहिल्या पोर्टात, रीसेटचं बटण दाबून धरून वीज चालू करायची, आणि लॅपटॉपवरच्या यादीत डबा दिसेपर्यंत बोट काढायचं नाही. प्रत्यक्षात यादी रिकामी राहते. पुन्हा वीज काढायची, पुन्हा बटण. कारणं नेहमीची: विंडोजची फायरवॉल मधे येते, वाय-फाय चालू राहिलेलं असतं, नाहीतर व्हीपीएनचं एखादं आभासी कार्ड मधे कडमडतं. मी सगळी कार्डं बंद केली, फायरवॉल बंद केली, तरी नाही. शेवटी दोषी निघाली ती केबल. वरून धडधाकट, आत एक तार सुटलेली. स्टोअरच्या मामांनी आपल्या ड्रॉवरमधून नवीन काढून दिली आणि पुढच्या वेळेला डबा यादीत आला. या मॉडेलला एमआयपीएसबीई जातीचं पॅकेज लागतं. लाँग-टर्म मालिकेतलं घातलं. दोन-तीन मिनिटं, रीस्टार्ट, आणि १९२.१६८.८८.१ वर नवा कोरा राउटर. या वेळी कंपनीची मूळ सेटिंग राहू दिली.

मग आलं सगळ्यात वेळखाऊ काम. जुन्या राउटरची दोन प्रकारची नक्कल मी आधी काढून ठेवली होती. एक बॅकअप फाइल, बायनरी. ती परत चढवली की युजर, पासवर्ड, शेड्युलर सगळं जसंच्या तसं परत येतं. घाईत असलेला माणूस हमखास हेच करतो आणि नेटइन्स्टॉलची सगळी मेहनत एका क्लिकवर पाण्यात घालतो. ती फाइल मी फक्त पुरावा म्हणून ठेवली. दुसरी एक्स्पोर्ट केलेली साधी मजकुराची फाइल, जी वाचता येते. ती प्रिंट काढून, पेन घेऊन, मॅडम आणि मामांना शेजारी बसवून ओळीओळीने वाचली. ही ओळ कशाची? हा आयपी कुणाचा?

यातून जे निघालं ते राउटर फुटण्याइतकंच वाईट होतं. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा, पोर्ट सरळ बाहेर उघडलेला, कारण मालकांना घरून फोनवर कॅमेरे बघायचे असतात. टॅली असलेल्या पीसीचा ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, बाहेर उघडलेला, कारण सीए कधीतरी बाहेरून बघतात. एक नियम अशा आयपीसाठी, ज्यावरचं मशीन भंगारात जाऊनही बराच काळ झाला होता. डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या सेवेला, बाहेरून कुणीही प्रश्न विचारू शकेल अशी मोकळीक. हे उघडं असलं की तुमचा राउटर दुसऱ्यावरच्या हल्ल्यात वापरला जातो आणि तुम्हाला पत्ता नसतो. प्रत्येक ओळीमागे कधीतरी कुणाचीतरी खरी गरज होती, हे मान्यच. पण गरज संपल्यावर ओळ काढायला कुणी बोलावत नाही.

कॅमेऱ्यांवरून मालकांशी वाद झाला. “बंद केलं तर मी घरनं बघू कसं?” बघा, पण आधी व्हीपीएन लावून. तेव्हा राउटरओएस ६ वर फोनसाठी बरा पर्याय एल२टीपी आणि आयपीसेक या जोडीच्या व्हीपीएनचा, तोच लावून दिला. मालकांना फोनवर आधी एक बटण दाबायचं आणि मग कॅमेऱ्याचं अ‍ॅप, एवढंच जास्तीचं काम. पहिल्या रात्री फोन आला, “दिसत नाही.” बटण दाबलं नव्हतं. पुढे अँड्रॉइड १२ आलेल्या नव्या फोनमध्ये एल२टीपी देता येईना, तेव्हा राउटरओएस ७ घालून वायरगार्ड या नव्या व्हीपीएनवर गेलो. ते पहिल्यापासून असतं तर वादच झाला नसता.

इनपुट चेन आता अशी: आधीपासून चालू असलेल्या जोडण्या येऊ द्या, बिघडलेली पाकिटं टाका, पिंग चालेल, व्हीपीएनचे पोर्ट चालतील, आतल्या एका ठरावीक मशीनवरून विनबॉक्स चालेल, बाकी सगळं ड्रॉप. सहा-सात ओळी. आधीच्या चाळीस नियमांपेक्षा जास्त काम या करतात. टेलनेट, एफटीपी, वेब, एपीआय या सेवा बंद. शेवटचा ड्रॉप टाकताना विनबॉक्सचं सेफ मोड चालू ठेवायचं. चुकून स्वतःलाच बाहेर काढलं आणि जोडणी तुटली, की राउटर आपणहून आधीच्या सेटिंगवर परत जातो. एमआयडीसीतून परत येऊन पुन्हा एमआयडीसीत जाण्याचं पेट्रोल या एका बटणाने वाचतं.

पासवर्ड बदलायची यादी मात्र राउटरवर संपली नाही. चोराकडे राउटर होता म्हणजे त्यात लिहिलेलं सगळं होतं. लाइनचा पीपीपीओई पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड राउटरमध्ये वाचता येतील असेच असतात. आणि कंपनीचं नाव, अ‍ॅट, साल हा मंत्र डीव्हीआरलाही होता, टॅलीच्या पीसीलाही. सगळीकडे फिरून बदलले. मॅडमनी नवे पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवू नयेत म्हणून त्यांना एक छोटी वही दिली. ती आता कुलपात असते असं त्या म्हणतात.

हे कधीपासून चालू होतं, हा प्रश्न मालकांनी दोनदा विचारला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण लॉगच नव्हता. मायक्रोटिक लॉग मूळ सेटिंगमध्ये मेमरीत ठेवतो, हजार ओळी. रीस्टार्ट झाला की गेल्या. एमआयडीसीत वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. आता लॉग आतल्या एका जुन्या पीसीवर जातो. तेव्हा हे मी माझ्या समाधानासाठी केलं होतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले, असली घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपा. ते वाचून मालकांना तो जुना पीसी एकदम कामाचा वाटायला लागला.

मधे दुसऱ्या कंपनीची माणसं शेडमध्ये नवे कॅमेरे बसवायला आली होती. मला मामांचा फोन. “ह्यांना राउटरचा पासवर्ड पाहिजे म्हणत्यात. पोर्ट उघडायचाय म्हणे. देऊ का?”

देऊ नका म्हटलं, फोन त्यांच्याकडे द्या. पलीकडचा मुलगा चांगला होता. पोर्ट नको, व्हीपीएनमधून कसं करायचं ते मी सांगत गेलो आणि तो करत गेला.